प्रश्न तुमचे : जुनी रेसर, नवी चाकं आणि मावळातले चढ

प्रश्न : वडिलांनी तरुणपणी घेतलेली ड्रॉप हँडलची रेसर सायकल आमच्या वडगाव मावळच्या घरी माळ्यावर पडून होती. फ्रेम पोलादी आहे. पुढे ५२ आणि ४२ दात्यांची दोन चेनव्हील, मागे पाच चकत्यांचं फ्रीव्हील, सगळ्यांत मोठी चकती २४ दात्यांची. गिअरचे खटके खालच्या तिरक्या नळीवर आहेत. टायरवर ‘२७ × १ १/४’ असं छापलंय. धुऊनपुसून चालवायला काढली. कामशेतपर्यंत झकास पळते, पण पवनानगरहून दुधिवरे खिंडीकडे निघालो की उतरून ढकलावी लागते. पावसात तर ब्रेक लागतच नाहीत. हिला आजची चाकं आणि आजचे गिअर बसतील का? दुकानदार म्हणतात, यात पैसे घालण्यापेक्षा नवी घ्या.
— एक वाचक, वडगाव मावळ

उत्तर : बसतील. आणि नवी घ्यायची काही गरज नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. दोन्हींवर उपाय आहेत आणि ते फ्रेमला फारसा धक्का न लावता करता येतात. अशा सायकली भंगारात जाताना पाहिल्या की वाईट वाटतं, कारण त्यांच्यात म्हातारं झालेलं असतं ते बहुतेक वेळा चाक, साखळी आणि रबर. धड राखलेल्या पोलादी फ्रेमला चाळीस वर्षं म्हणजे काही वय नव्हे.

लोक नवी चाकं घालतात ती वजन कमी व्हावं, वेग वाढावा म्हणून. मावळात राहणाऱ्या माणसाने चाकं बदलावीत ती ब्रेकसाठी, आणि गिअर बदलावेत ते गुडघ्यांसाठी. हा हेतू पक्का केला की कोणते भाग घ्यायचे हे आपोआप ठरत जातं आणि खर्चही आटोक्यात राहतो.

आधी ब्रेक. तुमच्या रिम क्रोम चढवलेल्या पोलादी असणार. क्रोमचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असतो. कोरड्या रस्त्यावर रबर त्याला बऱ्यापैकी धरतं, पण पाणी पडलं की रिम आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो आणि ब्रेक नुसता घासत राहतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. अशा गावाकडे जाणाऱ्या सायकलला क्रोमची रिम असणं हा रुबाबाचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो. अॅल्युमिनियम मऊ आणि किंचित खरखरीत असतं, ओलं असतानाही रबराला धरून ठेवतं. शिवाय ते उष्णता लवकर पसरवतं. उष्णता किती, याचा अंदाज घ्या : सायकल आणि स्वार मिळून ८० किलो वजन ५०० मीटर खाली उतरलं की जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढीत सव्वा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. त्यातली बरीच हवेच्या विरोधात खर्च होते, पण वाहनांच्या गर्दीत हळूहळू, ब्रेक दाबत उतरलात तर उरलेली सगळी रिममध्येच जाते. म्हणूनच रिम ब्रेकच्या सायकलवर कार्बनच्या रिम घालून आपले घाट उतरू नयेत असं माझं ठाम मत आहे. सतत घासून तापल्या की त्यांतलं राळेसारखं रसायन मऊ पडू शकतं.

आता माप. ‘२७ इंच’ या नावाच्या रिमचा टायर बसतो तिथला व्यास ६३० मिलिमीटर असतो. आजच्या रोड सायकलींचं ‘७००-सी’ हे माप ६२२ मिलिमीटरचं आहे. म्हणजे व्यासात आठ आणि त्रिज्येत फक्त चार मिलिमीटरचा फरक. ब्रेकचे शू चार मिलिमीटर खाली सरकवायचे, एवढंच. बहुतेक जुन्या ब्रेकच्या पायात तेवढी खाच असते. नसेल तर लांब पायाचे, ४७ ते ५७ मिलिमीटर पोहोच असलेले ड्युअल पिव्होट ब्रेक घ्या. त्यांची पकड जुन्यांपेक्षा खूप चांगली असते. त्यांचा मागचा नट फ्रेमच्या आत जाणारा असेल तर जुन्या फ्रेमचं सहा मिलिमीटरचं भोक फक्त मागच्या बाजूने आठ मिलिमीटर करावं लागतं. बाहेरून नट लावायचा प्रकार मिळाला तर भोकाला हात लावायचीही वेळ येत नाही. मी तोच शोधेन.

चार मिलिमीटरच्या या फरकाचा एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. चाक लहान झालं की चिमट्यात जागा वाढते. मग २५ मिलिमीटरच्या अरुंद टायरऐवजी २८ किंवा ३२ मिलिमीटरचा टायर बसतो, अनेकदा मडगार्डसकट. पवन मावळातले आतले रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. रुंद टायर कमी हवेवर चालतो, खड्डा सोसतो आणि ओल्या वळणावर धीर देतो.

मात्र टायरवरचं माप एकदा नीट वाचून घ्या. आपल्याकडच्या कित्येक ‘रेसर’ सायकलींना २७ नव्हे, २६ × १ ३/८ ची चाकं असत. त्यांचा व्यास ५९०. तिथे ७००-सी चाक त्रिज्येत १६ मिलिमीटरने मोठं पडतं आणि बहुधा चिमट्यात अडकतं. त्या सायकलला त्याच मापाची अॅल्युमिनियम रिम शोधणं हाच मार्ग. तुमचा टायर नवीन असेल तर बाजूला ‘३२-६३०’ असा आकडाही दिसेल. विश्वास त्या आकड्यावर ठेवा. इंचांच्या नावांत गोंधळ फार आहे.

चाक कसं घ्यावं? ३२ किंवा ३६ स्पोकचं, दुहेरी भिंतीच्या अॅल्युमिनियम रिमचं, साध्या वाकड्या डोक्याच्या स्पोकचं. खोल रिमची, मोजक्या स्पोकची चाकं देखणी दिसतात, पण त्यातला एक स्पोक तुटला की चाक इतकं डुगडुगतं की ब्रेकला घासून थांबतं. ३६ स्पोकच्या चाकातला एक तुटला तर तुम्ही घरी पोचता, आणि जवळच्या गावातल्या दुकानातला माणूसही तो बदलून आउट काढून देतो.

पुढच्या चाकाला एक बारीक अडचण येऊ शकते. काही जुन्या चिमट्यांची खाच आठ मिलिमीटरची असते, आजचा एक्सल नऊचा. तिथे कानस हलक्या हाताने आणि दोन्ही बाजूंना सारखी मारायची.

मागच्या चाकाचं काम खरं नाजूक. इथे विचारायचं ते असं : मागच्या चिमट्याच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर किती? पाच चकत्यांच्या जमान्यात ते १२० मिलिमीटर असे, सहा-सातच्या काळात १२६, आणि आठ ते अकरा चकत्यांच्या रोड हबला लागतं १३०. पट्टी लावून स्वतः मोजा. १२६ भरलं तर १३० चं हब दोन्ही बाजू हाताने किंचित फाकवून बसतं. बाजूला दोनच मिलिमीटर जातात. १२० वरून १३० ला न्यायचं तर प्रत्येक बाजू पाच मिलिमीटर वाकवून कायमची तशी ठेवावी लागते. हे थंड अवस्थेत करतात, आच द्यायची नाही. पोलादाला ते सोसतं. अॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग चुकूनही करू नये, ती तडकते. वाकवल्यावर एक दोरा मागच्या एका खाचेतून हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. ते सारखं आलं पाहिजे. मग दोन्ही खाचा एकमेकींना समांतर करून घ्यायच्या, नाहीतर एक्सलवर तिरका ताण येऊन तो तुटतो.

आणि वाकवण्याआधी गंज तपासा. माळ्यावरची सायकल म्हणजे बाहेरून चकचकीत असली तरी पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरून क्रँकच्या पेटीत साचलेलं असू शकतं. सीटची दांडी काढा, क्रँकचा एक्सल काढा, आत बॅटरी मारून पाहा. तपकिरी भुकटी पडत असेल तर गोष्ट वेगळी आणि खपल्या निघत असतील तर गोष्ट वेगळी. खपल्या निघणाऱ्या फ्रेमला वाकवू नका. क्रँकची पेटी उघडताना एवढं ध्यानात ठेवा : इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये चेनव्हीलच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, इटालियनमध्ये दोन्ही बाजू सरळ. जोर लावण्याआधी हे ओळखलं नाही तर चांगली फ्रेम आटे मरून वाया जाते.

आता चढाचं गणित. ४२ दात्यांचं चेनव्हील आणि २४ ची चकती म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक पावणेदोन वेळा फिरतं आणि सायकल सुमारे पावणेचार मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे, याहून कमी म्हणजे नुसती झुंज. ६० फेऱ्यांना हा वेग होतो ताशी साडेतेरा किलोमीटर. दहा टक्के चढावर ८२ किलो वजन त्या वेगाने न्यायला सुमारे ३३० वॅट लागतात. नियमित सायकल चालवणारा हौशी माणूस अर्धा-पाऊण तास टिकवू शकतो ते दीडशे ते दोनशे वॅट. म्हणजे तुम्ही ढकलत नेता यात तुमच्या पायांचा काही दोष नाही. ती सायकल ज्या गिअरवर अडकली आहे तो शर्यतीतल्या पट्टीच्या स्वारासाठी होता.

त्या काळी गिअर असे जड का ठेवत, यामागे इतिहास आहे. फ्रान्समध्ये सेंट-एतिएनच्या पॉल द विवी यांनी, ज्यांना सगळे ‘व्हेलोसिओ’ म्हणत, विसाव्या शतकाच्या आरंभीच डोंगरासाठी अनेक गिअर हवेत असा आग्रह धरला होता. पण टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर बदलणं हे दुबळेपणाचं लक्षण वाटे. त्या शर्यतीत डिरेलरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती १९३७ साली. पुढेही दशकानुदशकं शर्यतीच्या क्रँकवर बेचाळीसच्या आसपासचंच लहान चेनव्हील असे. काही नामांकित क्रँकना तर ४१ पेक्षा लहान चेनव्हील बसवताच येत नसे, इतकी त्यांच्या बोल्टांची वर्तुळं मोठी होती. आपल्याकडच्या सायकली त्याच साच्यातून आल्या. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. ही उपाधी एवढी मानाची का, हे शिंग्रोबाच्या देवळाजवळचा चढ जड गिअरवर चढून पाहिलेल्या माणसाला विचारावं. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ ला १, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, तरी तिथे गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. रस्त्याचा चढ त्याहून तीव्र आहे. तिथे आपण सामान्य माणसांनी हलका गिअर मागण्यात कमीपणा कसला?

तुम्हाला मी सुचवेन तो मार्ग असा. फ्रेमचं अंतर १२६ असेल, किंवा १२० असून थोडंसं फाकवता येत असेल, तर आटे असलेल्या हबचं नवं अॅल्युमिनियम चाक घ्या आणि त्यावर सात चकत्यांचं, १४ ते ३४ दात्यांचं फ्रीव्हील चढवा. साध्या गिअरवाल्या सायकलींना हेच लागतं, म्हणून तळेगाव-चिंचवडच्या दुकानांत ते मिळतं, स्वस्तही असतं. ४२ ला ३४ लावले की ६० फेऱ्यांना वेग होतो ताशी साडेनऊ किलोमीटर आणि त्याच दहा टक्के चढावर गरज उतरते सुमारे २३० वॅटपर्यंत. शंभर वॅटची ही सुटका म्हणजे ढकलणं आणि चढणं यांतलं अंतर आहे. क्रँकही बदलून ५०/३४ ची आणली तर ३४ ला ३४ लागतात, सायकल पेडलच्या एका फेऱ्यात चाकाच्या एकाच फेऱ्याएवढी जाते आणि १८५ वॅटमध्ये काम भागतं. पण तो दुसरा टप्पा. आधी मागचं चाक करा, एक पावसाळा चालवा, मग ठरवा.

३४ दात्यांची चकती लावली की मागचा डिरेलर बदलावाच लागतो. जुन्याची मान आखूड असते. हिशेब सोपा : पुढचा फरक दहा, मागचा वीस, एकूण तीस दात्यांची ढिली साखळी त्याने ओढून धरायला हवी. लांब पायाचा साधा डिरेलर हे सहज करतो. तुमच्या फ्रेमला डिरेलर टांगायचा कान नसेल तर एक्सलखाली अडकवायची पट्टी मिळते. फ्रीव्हील नवं घेतलं की साखळीही नवीच घ्या. ताणलेली जुनी साखळी नव्या दात्यांवरून उड्या मारते, नेमकी चढावर जोर लावताना.

तुमचं वजन ८५-९० किलोच्या पुढे असेल तर मात्र आट्यांचं फ्रीव्हील टाळा. त्यात उजवीकडचं बेअरिंग चकत्यांच्या आत, मधोमध राहतं आणि एक्सलचा बराच भाग आधाराविना लोंबतो. तो वाकतो, तुटतो. शिमानोने १९७८ साली फ्रीहब आणलं तेव्हा बेअरिंग बाहेर, चिमट्याच्या लगत गेलं आणि हे दुखणं संपलं. तेव्हा वजनदार स्वारांनी १३० मिलिमीटरचं फ्रीहब आणि आठ चकत्यांची कॅसेट घ्यावी. आठच का? साखळी स्वस्त, टिकाऊ आणि जुन्या खटक्यांशी गुण्यागोविंदाने चालते.

शेवटची सूचना क्विक रिलीजबद्दल. तुमच्या खाचा आडव्या असणार. उभं राहून पेडल मारलं की साखळी चाकाला पुढे ओढते आणि हलक्या, उघड्या कॅमच्या क्विक रिलीजमधून चाक तिरकं होतं. झाकलेल्या कॅमचा, पोलादी दांड्याचा क्विक रिलीज घ्या, किंवा सरळ नटाचा एक्सल ठेवा. पाना खिशात असला म्हणजे झालं.

प्रश्न : माझ्याकडे आजोबांची दांडीच्या ब्रेकची काळी सायकल आहे. लोणावळ्यात गावात, वलवणपासून बाजारापर्यंत वापरते. चढावर दम लागतो. तिला गिअर बसवून घ्यावेत का?
— एक वाचक, लोणावळा

उत्तर : डिरेलर लावू नका. तिचा जीवच जाईल. त्या सायकलचं २८ × १ १/२ चं चाक ६३५ मिलिमीटरचं असतं, आणि दांडीचा ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला, वर ओढून लागतो. आजच्या गिअरवाल्या सायकलींच्या रिम त्या ब्रेकसाठी बनवलेल्या नसतात. चाक बदललं की ब्रेक बदलावा लागतो, ब्रेक बदलला की हँडल, आणि मग आजोबांची सायकल उरत नाही.

आधी सर्वांत स्वस्त उपाय करून पाहा. मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ चं लावा. पायावरचा भार जवळपास अठरा टक्के कमी होतो. सपाटीवर पाय जरा भराभर फिरतील, पण गावातल्या गावात त्याने बिघडत नाही. साखळीत एखाद-दुसरी कडी वाढवावी लागेल. तेवढ्याने भागलं नाही तर तीन गिअरचं हब शोधा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीची ही जुनी करामत. सगळे दाते हबच्या पोटात असतात, पाऊस-चिखल आत जात नाही, आणि खालचा गिअर मूळ गिअरपेक्षा पंचवीस टक्के हलका असतो. लोणावळ्याच्या पावसाला याहून योग्य रचना नाही. फक्त घेण्याआधी भोकं मोजा. आपल्या काळ्या सायकलींच्या मागच्या रिमला ४० स्पोक असतात आणि आजची बरीच हब ३६ ची येतात. ४० भोकांचं हब मिळालं तर जुनी रिम, जुना ब्रेक, सगळं जागच्या जागी राहतं.

प्रश्न : जुन्या रेसरला हँडलवरच्या ब्रेकमध्येच गिअर असणारे खटके बसवावेत का? आणि बदल केल्यावर सायकलचं जुनेपण संपतं का?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : बसतात. तिरक्या नळीवरच्या खटक्यांच्या जागी केबलचे थांबे लावले की काम होतं. पण त्या खटक्यांना ठरावीक चकत्यांची कॅसेट, त्याच जोडीचा डिरेलर, नेमका ताण असं सगळं लागतं. एक भाग झिजला की चारांचा शोध सुरू. नळीवरचा घर्षणाचा खटका पाच चकत्या असोत की आठ, शिमानोच्या असोत की आणखी कुणाच्या, सगळं हलवतो. हात खाली न्यावा लागतो हे खरं. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते जमत नसेल तर हँडलच्या टोकाला बसणारे खटके घ्या. तेही घर्षणावर चालतात आणि दोन्ही हात हँडलवर राहतात.

जुनेपणाबद्दल म्हणाल तर बदलांचे दोन ढीग करा. चाक, फ्रीव्हील, डिरेलर, साखळी, ब्रेकचे शू हे सगळं उद्या काढून परत जुनं लावता येतं. ते खुशाल बदला आणि काढलेले भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, खोक्यावर नाव घालून ठेवा. कान डकवणं, भोक पाडणं, कानस मारणं आणि पावडर कोटिंग ही कामं मागे फिरत नाहीत. त्यातही पावडर कोटिंगचा मला खरोखर राग येतो. भट्टीत घालण्याआधी फ्रेम खरवडून काढतात, आणि चाळीस वर्षं टिकलेली अक्षरं, कंपनीचं चिन्ह, नळीवरच्या सोनेरी रेघा एका दुपारी नाहीशा होतात. इटलीत १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या जुन्या सायकलींच्या मेळ्यात १९८७ पूर्वीच्या सायकलींनाच मान असतो आणि गिअरचे खटके नळीवर असावे लागतात. तिथे ओरखडे पडलेला मूळ रंग लोक अभिमानाने मिरवतात. गंज जिथे फुटला असेल तेवढाच भाग घासा, प्रायमर लावा, जवळच्या छटेचा रंग ब्रशने भरा. नळ्यांच्या आत सीटच्या भोकातून तेल सोडून सायकल उलटसुलट करा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. हे काम मे महिन्यात, मृगाआधी उरकून घ्या.